वाढीव गुण

दहावीचं वर्ष आलं की उपनगरांतल्या मराठी घरांमध्ये एक जुनी फाइल कपाटातून बाहेर निघते. घर मुलुंडचं असो की बोरिवलीचं, आत असतात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रमाणपत्रं: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, जमलं असेल तर मध्यमा. त्यांच्या झेरॉक्स निघतात, सह्या-शिक्के होतात आणि शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव जातो. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात, त्यासाठी ही धावपळ. टक्केवारी जरा वर सरकते आणि अकरावीच्या यादीत विज्ञान शाखेचं बरं कॉलेज पदरात पडतं. मग जेईई नाहीतर नीटचा क्लास लागतो आणि गाण्याचा सुटतो. पेटी पलंगाखाली जाते. यमनने आपलं काम चोख केलेलं असतं.

सवलतीबद्दल तक्रार नाही. तिच्यामुळे चार मुलं चार वर्षं सुरात बसतात, हेही थोडं नाही. पंचाईत होते ती बारावीनंतर तीच फाइल घेऊन एखादी मुलगी ‘मला गाण्यातच पदवी करायचीय’ म्हणते तेव्हा. ‘पुढे पोटापाण्याचं काय?’ हा बाबांचा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचं उत्तर तिने पाठ केलेलं असतं. तिला अडवतो तो आईचा साधा प्रश्न: ‘अगं, पण अर्ज करायचा कुठे?’

मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग 1969 पासून आहे. डॉ. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या विद्वानाने त्याची घडी बसवली. तो आहे चर्चगेटला. एसएनडीटीचा संगीत विभागही चर्चगेटलाच, आणि तिथे मुलग्यांना प्रवेश नाही. राज्य सरकारने 2022 मध्ये लता मंगेशकरांच्या नावाने संगीत महाविद्यालय सुरू केलं, तेही प्रभादेवीला. म्हणजे मुलुंडच्या तबलजीने जोडी खांद्याला लावून सकाळच्या फास्ट लोकलचा मालडबा गाठायचा. उपनगरांतल्या कॉलेजांनी मागणी पाहून बीएमएसच्या तुकड्या काढल्या. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगीताचा करंडक मिळाला की गाणाऱ्या पोरांचे फोटो हीच कॉलेजं फाटकावरच्या बॅनरवर लावतात. विषयांच्या यादीत मात्र संगीत शोधून सापडत नाही.

हे मुंबईत व्हावं याचं वाईट वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला काढलेलं गांधर्व महाविद्यालय 1908 मध्ये मुंबईत आणलं. गाणं शाळेसारखं, रीतसर अभ्यासक्रम लावून शिकवता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. वाळकेश्वरला जन्मलेल्या, वकिली केलेल्या पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये लखनौला संगीताचं कॉलेज उभं राहिलं, आज ते विद्यापीठ आहे. मुंबईच्या वकिलाला लखनौत जे जमलं, ते शंभर वर्षांनी अंधेरी-घाटकोपरच्या संस्थाचालकांना का जमू नये?

एक गोष्ट मुलांनाही सांगायला हवी. पदवीची प्रवेशचाचणी म्हणजे आणखी एक प्रमाणपत्र नव्हे. तिथे फाइल बाजूला ठेवून परीक्षक विचारतात, ‘स्वर कुठला? काळी चार? बरं, बिहाग घ्या.’ पाठ केलेल्या आठ आलापांनंतर ‘आता तुमचं तुम्ही गा’ म्हटलं की कित्येकांचा घसा कोरडा पडतो. एकताल हातावर धरून दुगुन म्हणायला सांगितली की टाळी-खालीचा घोळ होतो. मोबाइलच्या तानपुऱ्यावर वाढलेल्या मुलाला खरा तानपुरा जुळवायला दिला, तर हात खुंटीवरच थबकतो. यात दोष एकट्या मुलाचा नाही. दर सहा महिन्यांनी ‘पुढची परीक्षा कधी?’ असं आपणच विचारत आलो, रियाज किती झाला हे विचारायचं राहूनच गेलं.

करायचं म्हटलं तर फार अवघड नाही. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मार्गावर निदान एकेका कॉलेजने संगीताची पदवी सुरू करावी. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकांचा एवढा गाजावाजा आहे, तर विशारद झालेल्या विद्यार्थ्याच्या त्या अनेक वर्षांच्या मेहनतीची नोंद, वाटल्यास पुन्हा चाचणी घेऊन, विद्यापीठाने पदवीत करावी. दहावीला जे प्रमाणपत्र बोर्डाला चालतं, ते गाण्याच्याच पदवीला निरुपयोगी ठरू नये.

हे होईपर्यंत पलंगाखालची पेटी तेवढी बाहेर काढून पुसून ठेवावी. धाकट्याची दहावी जवळ आली आहे.