गुडघ्याचा फोटो

आमच्या खेड्यात एक्स-रे असे कोणी म्हणत नाही, 'फोटो' म्हणतात. ऐन वेचणीच्या दिवसांत आईचा गुडघा सुजला, म्हणून मी तिला फोटो काढायला नेले. टेबलावर निजवून दोन मिनिटांत काम आटोपले. बाहेर येताच तिने विचारले, "निंगालं का रे दुखनं?" फोटो हाच तिला इलाज वाटला होता. मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते, कारण मलाही फारसे काही ठाऊक नव्हते.

राँटगेन यांनी १८९५ साली हे किरण शोधले. त्यांत हाड दिसते, पण गुडघ्यातली कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधल्या फटीवरून ती किती झिजली याचा अंदाज करायचा. म्हणून झीज पाहायची तर फोटो उभे राहून काढलेला बरा. अंगाचा भार पडला की खरी फट कळते. आईला तर निजवले होते. फिल्म पाहून "वयाची झीज" एवढेच सांगण्यात आले. आईचे वय बेचाळीस!

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. "पाणी कुठले पिता?" हे कोणीच विचारले नाही. पांढरकवडा भागातील भूजलात फ्लोराइड आहे, यावर २००७ साली 'करंट सायन्स'मध्ये लेख आलेला आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक नसावे. अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर सांधे दुखतात, आखडतात, आणि सुरुवातीला ते संधिवातासारखेच वाटते. तेव्हा फोटोतही काही दिसेलच असे नाही. पुढे कोपराखालच्या दोन हाडांमधला पडदा कडक होऊन फोटोत उमटतो. म्हणजे दुखतो गुडघा, आणि पुरावा सापडायचा हातात! उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. आणि आम्ही आजाऱ्याला मुद्दाम उकळलेले पाणी देतो. बिघडलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही, मात्र पाणी वेळीच बदलले तर पुढचे नुकसान टळते.

आईला तोच विकार आहे, असे मी म्हणत नाही. पंचवीस वर्षे वाकून कापूस वेचल्याचेही ते दुखणे असेल. पण न विचारता ठरवायचे कसे?

सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, भिंती रंगवतो. यंदा प्रत्येकाने आपल्या गावच्या पाण्याची एक बाटली आणावी आणि त्या सगळ्या यवतमाळला तपासणीसाठी द्याव्यात, असे मला वाटते. आमच्या हापशीची मी भरून ठेवली आहे.