आडवाटेचा संगणक

आमच्या घरचा संगणक आमच्यासारखाच वयस्क. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची डागडुजी थांबली, आणि विंडोज ११ला लागणारे बळ काही या म्हाताऱ्याच्या अंगी नव्हते. तेव्हा पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, टाकू नका. लिनक्स घाला. फुकट आहे, आणि त्याला व्हायरस लागत नाही."

'लागत नाही' हे जरा बेतानेच घ्यावे. चोर गर्दीच्या बाजारात शिरतो, कारण खिसे तिथे जास्त, हे खरे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर सुमारे दीडशे देशांत शिरला तो विंडोजच्या खिंडारातूनच. (खिंडार बुजवायचे साहित्य मार्चमध्येच निघाले होते, पुष्कळांनी ते बसवलेच नव्हते!) १९ जुलै २०२४ला तर चोरही नव्हता. क्राउडस्ट्राइक या राखणदाराच्याच सदोष फाइलीने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बसली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. लिनक्स आणि मॅकवाल्यांना त्या दिवशी या फाइलीची झळ लागली नाही. पण २०१२ साली फ्लॅशबॅकने सुमारे ६ लाख मॅक गाठलेच होते. आणि लिनक्स तरी आडवाट कसली? घरच्या टेबलावर तो दुर्मीळ. खिशातला अँड्रॉइड मात्र त्याच्याच गाभ्यावर चालतो.

असो. लिनक्स आला. सहा महिने कुरकूर नाही. मग एका संध्याकाळी धाकटीचे परीक्षेचे प्रवेशपत्र छापायला घेतले. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रिंटर ढिम्म! त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हरच काढलेला नव्हता. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला विंडोजचे दुखणे जिन्यातूनच ओळखतो; तो पडद्याकडे पाहून म्हणाला, "काका, हे आपल्याला जमत नाही." पुतण्याचा फोन लागेना. पोर रडकुंडीला आलेली. रात्री साडेनऊला खालच्या झेरॉक्सवाल्याने ओढलेले शटर पुन्हा अर्धे वर केले, तेव्हा कुठे कागद हाती आला. दुखणी कुठे कमी, एवढेच आम्ही पाहिले होते. वैद्य कुठे जवळ, हे विचारायचे राहूनच गेले होते.

लिनक्स अजून आहे. बँकेची कामे हिला त्यावरच निर्धास्त वाटतात. पुतण्या दिवाळीला येतो आहे. चकल्यांचा डबा हिने मुद्दाम प्रिंटरवरच ठेवला आहे.