१२० तासांचे काम आणि मंगरूळपीरचा विद्यार्थी

शिक्षण आणि काम यांची फारकत ही आपल्या शिक्षणपद्धतीची जुनी व्याधी होय. आणि तिच्यावर सुचविलेले उपचारही तितकेच जुने आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट आखली, तीत तिसऱ्या वर्षाच्या अखेरच्या सत्रात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणासाठी चार श्रेयांक राखून ठेवले आहेत. एका श्रेयांकास ३० तास या हिशोबाने हे काम १२० तासांचे होते. संलग्न महाविद्यालयांत ही चौकट २०२४-२५ पासून प्रथम वर्षापासून क्रमाक्रमाने आणावयाचे ठरले. म्हणजे त्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी २०२७ च्या पूर्वार्धात या १२० तासांसमोर उभा राहतो. ते तास त्याने कोठे आणि कोणापाशी घालवावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न तितकासा जाचत नाही. ओळखीपाळखीने कोठे तरी दार उघडते. परंतु बीरबलनाथ महाराज आणि दादा हयात कलंदर यांच्या स्थानांमुळे विदर्भात परिचित असलेले मंगरूळपीर हे मोठ्या उद्योगांचे ठिकाण नव्हे. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. पण महामार्गाने गाव जवळ येते, काम आपोआप येत नाही. या तालुक्याचे अर्थकारण आजही सोयाबीन, तूर आणि कपाशी यांवर उभे आहे. अशा ठिकाणी ‘कंपनीचे प्रमाणपत्र आणा’ एवढेच सांगून महाविद्यालय मोकळे झाले, तर एखाद्या ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणि न केलेल्या कामाची नोंद यांपलीकडे काय हाती लागणार?

शासनाच्या योजना आहेत, असे यावर सांगितले जाईल. योजना आहेत खऱ्या. पण त्या नेमक्या याच विद्यार्थ्याला वगळून आखलेल्या आहेत. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत बारावी उत्तीर्णांस दरमहा ६ हजार, पदविकाधारकांस ८ हजार आणि पदवीधरांस १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. मात्र शिक्षण चालू असणाऱ्यास तीत प्रवेश ठेवला नाही. त्याच वर्षी केंद्राने २१ ते २४ वयोगटासाठी सुरू केलेल्या प्रधानमंत्री योजनेतही पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी अपात्र ठरविण्यात आला. बेकारास दिलासा देणे हा या योजनांचा हेतू असल्याने त्यात गैर काही नाही. पण परिणाम असा, की पदवीनंतरच्या अनुभवास पैसा मिळतो आणि पदवीपूर्वीचा सक्तीचा अनुभव विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. ज्या घरी सुगीच्या दिवसांतील मुलाची मजुरी हाही संसाराचा आधार असतो, त्या घरी बिनपगारी १२० तास आणि वर एस.टी.चे भाडे ही क्षुल्लक बाब नव्हे. मुलींच्या बाबतीत तर सायंकाळची शेवटची गाडी कितीला, यावरच कामाचे ठिकाण ठरते.

हे नवे प्रयोग करताना जुन्यांचे स्मरण ठेवलेले बरे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस केली होती. पुढे तो विषय शाळांच्या वेळापत्रकात आला. आणि अनेक शाळांत कागदी फुले व शोभेच्या वस्तू यांवरच त्याची बोळवण झाली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतही वर्षाला १२० तासांचाच दंडक आहे. तास ठरवून देणे सोपे असते. त्या तासांत अर्थ भरणे कठीण.

तो अर्थ कसा भरावा, याचा धडा महाराष्ट्राबाहेर शोधण्याचे कारण नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र प्रत्यक्षात आणले आणि १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय त्याच पायावर उभे केले. तेथील श्रम दिखाऊ नव्हते. कामाची कोणाला तरी खरी गरज होती आणि त्याचे मोल विद्यार्थ्याच्या शिक्षणास लागत होते. या दोन अटी पाळल्या की काम शिकविते. त्या सोडल्या की काम ही वेठ होते.

मंगरूळपीरात अशा खऱ्या कामाचा दुष्काळ नाही. बाजार समितीत आवकेची व भावाची नोंद आहे, पतसंस्थेत हिशोब आहेत, पंचायत समितीत व ग्रामपंचायतींत दप्तर आहे, रुग्णालयात आलेल्या निरक्षर रुग्णास वाट दाखविणे आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांवर नेली. या तीन टक्क्यांचा शेतकऱ्याच्या घरावर काय परिणाम होतो, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मापकाजवळ उभा राहून जितके शिकेल, तितके पुस्तकातून शिकणार नाही. मात्र सहावे सत्र हिवाळ्यानंतरचे. तूर आणि कापूस त्या काळात येतात, सोयाबीन दिवाळीच्या सुमारासच येऊन जाते. तेव्हा हे तास एकाच सत्रात कोंबण्याऐवजी तिसऱ्या वर्षभर हंगामानुसार विभागून करण्याची मुभा विद्यापीठाने द्यावयास हवी.

यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. तालुक्यातील कार्यालये व सहकारी संस्था यांनी किती विद्यार्थी, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली घेणार, हे सत्रारंभीच महाविद्यालयास कळवावे. प्रवासखर्च आणि अल्पसे विद्यावेतन यांची तरतूद शासनाने करावी. आणि प्रमाणपत्रापेक्षा विद्यार्थ्याने स्वहस्ते लिहिलेली कामाची दैनंदिनी व तीवरील तोंडी परीक्षा यांना गुण असावेत.

रिक्त पदांचा भार फुकटच्या मुलांवर टाकला जाईल, ही शंका अनाठायी नाही. म्हणूनच विद्यार्थी हा कारकुनाच्या जागी नव्हे, तर कारकुनाच्या शेजारी बसला पाहिजे. कामाला अगोदरच ताणलेल्या कर्मचाऱ्यास शिकविण्याचा हा वेळही अधिकृतपणे मोजून मिळाला पाहिजे. तसे न झाल्यास १२० तास कागदावर पुरे होतील आणि पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण पहिल्याच मुलाखतीत ‘अनुभव काय?’ या प्रश्नापुढे पूर्वीसारखाच निरुत्तर उभा राहील.