घरातलं यंत्र : वर्गणीचे वॉट

नारायणगावच्या राहुट्यांत तमाशाच्या सुपाऱ्या ठरू लागल्या, की जुन्नर-आंबेगावात जत्रेचे कर्णे निघतात. गावकीच्या वर्गणीतून जुना अँप्लिफायर घेताना पाटीवरच्या वॉटवर जाऊ नका, मोजून घ्या.

यंत्र बंद ठेवून कर्णा सोडवा. ८ ओहमच्या टोकांना ८ ओहमचा, पुरेशा वॉटचा तारेचा रोध जोडा. तो विटेवर ठेवा, निखाऱ्यासारखा तापतो! मीटर एसी व्होल्टवर त्याच टोकांना लावा. आवाज शून्यावर ठेवून यंत्र सुरू करा, ४०० हर्ट्झचा एकच सूर द्या, बटण हळूहळू फिरवा. काटा चढेनासा झाला की थोडं मागं या. २० व्होल्ट भरले, तर वीस गुणिले वीस भागिले आठ, म्हणजे ५० वॉट. दहा-पंधरा सेकंदांत उरका.

१०० व्होल्ट लाइनच्या टोकांना मात्र चालू यंत्रात बोट लावू नका. तिथं विजेसारखाच झटका बसतो.