पऱ्हाटीचं सोनं होईल, पण कोणाच्या घरात?

कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची, थोडी चुलीला ठेवायची आणि उरलेली बांधावर पेटवून द्यायची, ही आपली नेहमीची रीत. केळीचा घड कापला की खांबाचीही तीच गत. या टाकाऊ मालावर आता प्रयोगशाळांची नजर आहे.

मातीची भिंत लिंपताना चिखलात भुसा का कालवतात? नुसती माती वाळली की तडकते, भुशाची काडी तिला धरून ठेवते. शास्त्रज्ञ पातळ फिल्मच्या बाबतीत हेच करतात. स्टार्च किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात विरघळवून पातळ थर ओतला आणि वाळवला की प्लॅस्टिकसारखा कागद मिळतो. काही कीटकनाशकांच्या पाण्यात विरघळणाऱ्या पुड्या याच पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या असतात. पण हा कागद दमट हवेत ढिला पडतो, आणि स्टार्चचा तर वाळला की ठिसूळ. त्यात वनस्पतीचे नॅनोतंतू मिसळले की ताकद वाढते, पाणी पिणंही कमी होतं.

हे तंतू म्हणजे सेल्युलोज. पऱ्हाटीचा किंवा खांबाचा लगदा कॉस्टिक सोड्यात उकळायचा, ब्लीच करायचा, मग यंत्रात रगडून तंतू सुटे करायचे. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. हा तंतू ५ ते ५० नॅनोमीटरचा! पाण्यात शेकडा दोन भाग असला तरी पाणी खळीसारखं घट्ट होतं. तंतूलाही पाणी मानवतं आणि पॉलिमरलाही, म्हणून दोन्ही पाण्यातच एकजीव होतात. थिनरसारखं काही लागत नाही. मात्र तंतू शेकडा पाचापर्यंतच ठीक. हात सैल सोडला तर गुठळ्या होतात आणि फिल्म तडकते.

मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून चालत आलेल्या केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखानाही उभारला आहे. तेव्हा ही हवेतली गोष्ट नाही.

पण उद्या कोणी गावात येऊन ‘मातीत कुजणारा मल्चिंग पेपर’ म्हणून काही दाखवलं, तर आधी विचारा, आतलं पॉलिमर कोणतं? स्टार्च मातीत कुजतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात दिसेनासा होतो खरा, पण मातीत तो फार सावकाश विघटित होतो. विरघळणं वेगळं आणि कुजणं वेगळं, बरं का. शिवाय तंतू काढायला वीज आणि पाणी भरपूर लागतं, आणि कॉस्टिकचं काळं पाणी उरतं. ते नाल्यात सोडणार की शुद्ध करणार, हे ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला देण्यापूर्वीच लेखी घ्यावं. नंतर विहिरींचं पाणी तपासत बसण्यात काय अर्थ?

खरा प्रश्न भावाचा आहे. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. खांबात तर बहुतेक पाणीच. दूरच्या कारखान्यापर्यंत वाहतूकच सारा पैसा खाईल, आणि मग ‘शेत साफ करून देतो’ एवढ्यावरच आपली बोळवण होईल. ते आपण का मानावं? खांब कुजला तर पालाश रानात परत जातं, म्हणजे फुकट दिला तरी किंमत आपणच मोजतो. पऱ्हाटी वेळेवर निघाली तर गुलाबी बोंडअळीचा आसरा मोडतो, हा फायदा खरा; पण तो शेतातच उपटून, बारीक करूनही मिळतो.

म्हणून कुट्टी आणि वाळवण गावातच व्हावी, गटाने किंवा सोसायटीने करावी, आणि माल वजनकाट्यावर, पावती घेऊनच जावा. कृषी सहायक आणि ग्रामसेवकांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, वेचणी संपायच्या आत.