उभ्याने राबणाऱ्यांच्या पायांचा प्रश्न



आमच्या शाखेतला एक पॉइंट्समन मध्यंतरी युनियन ऑफिसात आला. हातात खाजगी रुग्णालयाचे बिल होते. "भाऊ, पाय बरा झाला, पण आता कर्ज कसे फेडू?" एवढेच म्हणाला. पोटरीवरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा त्याने नऊ वर्षे पॅंटीखाली लपवल्या होत्या. मेडिकलमध्ये अनफिट ठरलो तर काय, ही भीती. पुढे घोट्याजवळ जखम झाली, ती भरेना. तेव्हा जाहिरात पाहून, सोसायटीचे कर्ज काढून त्याने लेसर करून घेतले. रेल्वे डॉक्टरांचे रेफरल घेतले नव्हते, म्हणून बिल नामंजूर झाले.

उपचार चुकला नाही. माहिती नव्हती, म्हणून माणूस बुडाला. म्हणून आजचे संपादकीय या विषयावर. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण विचारून, समजून घेऊन लिहितो आहे.

या रोगाला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. माणूस चालतो तेव्हा हा पंप चालतो. तासन्‌तास एका जागी उभा राहिला की पंप बंद पडतो, रक्त साचते. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगतात, पाय जड होतो, रात्री गोळे येतात, घोट्याजवळची कातडी काळी पडते आणि शेवटी जखम होते. आनुवंशिकता, वय, लठ्ठपणा, बाळंतपणे हीही कारणे आहेत. पण कामाचा वाटा नाकारता येणार नाही. डेन्मार्कमध्ये नोकरदारांची 12 वर्षे पाहणी करून 2005 साली अहवाल प्रसिद्ध झाला. कामाच्या वेळेपैकी तीन-चतुर्थांश वेळ उभे राहणाऱ्यांना या रोगासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा धोका इतरांच्या मानाने सुमारे पावणेदोन पट आढळला.

पूर्वी जांघेत चीर देऊन शीर ओढून काढत. आता बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. सोनोग्राफीत पाहत, सुईच्या भोकातून एक बारीक नळी शिरेत घालतात. शिरेभोवती बधिर करणारे औषध टोचतात आणि लेसरच्या किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करतात. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून वर जाते. रोगी बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. फेसाळ औषध टोचून किंवा वैद्यकीय गोंदाने शीर बंद करण्याच्याही पद्धती आहेत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी 2013 साली जी मार्गदर्शक सूत्रे ठरली, त्यांत उष्णतेच्या उपचाराला पहिला मान आहे, त्यानंतर फेस, त्यानंतर शस्त्रक्रिया. तिथेच 450 रोग्यांवर झालेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पायाला जखम होती, त्यांची शीर लवकर बंद केली तर जखम सर्वसाधारणपणे 56 दिवसांत भरली. थांबून राहिलेल्यांना 82 दिवस लागले. म्हणजे लपवण्यात आणि लांबवण्यात नुकसान आपलेच.

पण "लेसर" हा शब्द ऐकून भुलू नका. सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारा.

एक, उभे करून पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली का? कोणती झडप बिघडली आहे आणि आतल्या खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे तिच्याशिवाय कळत नाही.

दोन, माझ्या पायाला हीच पद्धत का, दुसरी का नाही?

तीन, धोके कोणते? काळेनिळे डाग, काही काळ बधिरपणा, कातडीवर डाग हे होऊ शकते. क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. एकाच पायाला एकदम सूज व दुखणे, छातीत कळ किंवा धाप लागली तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. आणि हेही लक्षात ठेवावे की काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात.

चार, मोजे, तपासण्या, दुसरा पाय धरून एकूण खर्च किती? तो लेखी घ्या.

घट्ट मोजे दुकानातून परस्पर आणून घालू नका. मधुमेही आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पायाचा रक्तपुरवठा आधी तपासावा लागतो. शीर फुटून रक्त वाहू लागले तर आडवे पडा, पाय उंच करा आणि स्वच्छ कापडाने दाबून धरा.

रेल्वे कर्मचाऱ्याने आधी रेल्वे दवाखान्यात जावे, नोंद करावी, रेफरल घेऊन मगच पॅनेलवरच्या रुग्णालयात पाऊल ठेवावे. अनफिटची भीती बाळगू नये. सेवेत असताना अपंगत्व आले तरी सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, असे 2016 च्या अपंग हक्क कायद्याचे कलम 20 सांगते. लपवलेल्या रोगाला मात्र कोणताही कायदा वाचवू शकत नाही.

आता संघटनेचे काम. नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत या रोगाचे नाव नाही. त्यामुळे तो कामगाराचा खाजगी रोग ठरतो आणि खर्चही त्याच्याच माथी बसतो. केरळातल्या कापड दुकानांतील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि 2018 साली तिथला कायदा बदलून घेतला. 2021 साली तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. दुकानातल्या बहिणींनी खुर्ची मिळवली, मग गेटमन, पॉइंट्समन, तिकीट तपासनीस, गिरणीतला, हॉटेलातला कामगार यांनी का मागू नये?

रोस्टर आठ तासांचा असो की बारा तासांचा, बसण्याची सोय आणि पाय मोकळे करायला वेळ मिळाला पाहिजे. ठरावीक मुदतीच्या वैद्यकीय तपासणीत पाय पाहिले गेले पाहिजेत. मोठ्या दवाखान्यात डॉपलरची सोय झाली पाहिजे. प्रत्येक शाखेने या मागण्यांचा ठराव करून प्रशासनाकडे द्यावा आणि आपल्या सभासदांचे पाय एकदा विचारून घ्यावेत. आमच्या पॉइंट्समनच्या बिलाचे अपील आम्ही लढवतो आहोत. दुसऱ्या कोणावर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.