समेवर बोट

‘फोटोग्राफी शिकावीशी वाटते हो, पण क्लासला जायला वेळ नाही आणि डोंगरदऱ्या हिंडायला घरचे सोडणार नाहीत,’ हे गाऱ्हाणं मी तुमच्यापैकी कितीजणींकडून ऐकलं असेल! त्यावर माझं सांगणं एवढंच, की डोंगर राहू दे, गाण्याला जा. घराजवळ कुठे गायनवर्गाची गुरुपौर्णिमा असेल, गणपतीतली मैफल असेल, दोन संध्याकाळींचा छोटासा संगीत महोत्सव असेल, तिथे संयोजकांना विचारून कडेची एक खुर्ची धरा.

आता तुम्ही म्हणाल, गाण्याच्या कार्यक्रमात काय शिकणार? उजेड बेताचा, फ्लॅश लावायचा नाही, ‘जरा इकडे बघा हं’ म्हणायची सोय नाही, मधेच उठायचं नाही. अगदी खरं. फोटोग्राफीतली सगळी अवघड गणितं तिथे एकाच सतरंजीवर मांडून ठेवलेली असतात. पण एक फार मोठी सवलतही असते. लग्नातली अक्षता एकदाच पडते, मुलाच्या वाढदिवसाची मेणबत्ती एकदाच विझते. ताल मात्र फिरून फिरून परत येतो. तीनतालाच्या सोळा मात्रा संपल्या की पुन्हा सम आहेच. या वेळी हुकली, तर पुढच्या आवर्तनात धरा. एवढी मुभा देणारी शाळा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

मी राहते येरवड्यात. सकाळी स्वयंपाकपाणी, दुपारी शाळेत चार तास शिकवणं, संध्याकाळी पुन्हा ओटा. आमच्या भागातला एक गायनवर्ग दर हिवाळ्यात शाळेच्या सभागृहात दोन दिवस महोत्सव करतो. पाहुणे कलाकार दोन-तीन, बाकी सगळे शिकणारे. दिरांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्यांचा जुना माझ्याकडे आला. सासूबाई म्हणाल्या, “कपाटात ठेवू नकोस गं, गंज चढेल.” तेव्हापासून तीन वर्षं मी त्या सभागृहात डाव्या कडेला बसते आहे.

आधी गाणं ओळखायला शिका, हे पहिलं. राग कळायलाच हवा असं नाही, पण सम कळली पाहिजे. विलंबित ख्यालात गाणारा आवर्तनाच्या शेवटी मुखड्याकडे येऊ लागतो, तबलजी मान वर करतो, पेटीवाला गालातल्या गालात हसायला लागतो. बघा, सगळ्यांचे डोळे एका जागी येतात! तीच वेळ. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास चालतं, म्हणजे नेम धरायला वेळ भरपूर. बोट मात्र समेच्या किंचित आधी दाबायचं, कारण आपण पाहून, ठरवून, दाबेपर्यंत क्षण पुढे गेलेला असतो. द्रुत लयीत तिहाई सुरू झाली की तिसऱ्या तुकड्याला तयार राहा. शाळेत टाळीवर लेझीम खेळलेल्या बाईला हे जमायला जड नाही.

आता थोडं यंत्राचं. कंटाळू नका, कुकरच्या शिट्ट्यांइतकंच सोपं आहे. कॅमेऱ्यात उजेड तीन वाटांनी येतो. भिंगाचं तोंड किती उघडं, पडदा म्हणजे शटर किती वेळ उघडं, आणि आतली पाटी उजेडाला किती हळवी; या हळवेपणालाच आयएसओ म्हणतात. सभागृहात भिंगाचं तोंड जेवढं उघडेल तेवढं उघडा. पन्नास मिलिमीटरचं, १.८ छिद्राचं साधं भिंग बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्तातलं असतं, जुनंही मिळतं. माझं जुनंच आहे. आयएसओ १६०० ते ३२०० ठेवा. थोडी रवाळ झाक येईल, येऊ दे. रवाळ फोटो चालतो, हललेला चालत नाही.

शटरचं जरा सविस्तर सांगते. गाणाऱ्यासाठी सेकंदाचा शंभरावा भाग पुष्कळ होतो. तबलजीची बोटं त्यात पुसट दिसतील. ती स्वच्छ गोठवायची तर पाचशेवा भाग लागतो आणि तेवढा उजेड आपल्या सभागृहांत नसतो. पण मला विचाराल, तर पुसट बोटंच छान दिसतात. तबला वाजतोय हे त्यांच्यामुळेच तर कळतं! शंभरावाच भाग का, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर भलत्याच वेगावर असलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की पट्टे बहुधा जातात. कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते जरूर वापरा, पण पहिल्या दोन फोटोंत पट्टे आहेत का ते तपासून मगच.

मागे काळा पडदा असला की यंत्र फसतं. त्याला वाटतं सगळंच अंधारात आहे, मग ते उजेड वाढवतं आणि गायिकेचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढराफटक होतो. एक्स्पोझर एका घरानं खाली आणा. मोबाईल असेल तर पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच पक्के होतात. मग शेजारी सूर्याची खूण येते ती खाली ओढा. झूम करू नका, त्यानं नुसता लगदा होतो. त्यापेक्षा पुढची जागा मिळवा. जांभळ्या-निळ्या दिव्यांनी चेहरे भुतासारखे आले तर तो फोटो सरळ कृष्णधवल करून टाका. पुष्कळदा वाचतो.

घरी सराव कुठे करायचा? देवघरात. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करून समईच्या उजेडात सासूबाईंचा किंवा मुलीचा चेहरा टिपून पाहा. काळोखातला चेहरा कसा हाताळायचा ते तिथे जेवढं कळतं तेवढं कुठेच कळत नाही. पीठ चाळणारे हात तिसाव्या भागात टिपा, मग अडीचशेव्या. दोन्ही शेजारी ठेवा. तबलजीच्या बोटांचा धडा घरीच झाला!

आणि एक शिस्त. जुन्या रोलमध्ये छत्तीस फोटो मिळायचे, तेवढेच एका संध्याकाळी काढायचे असं मी ठरवून घेतलं आहे. आकडा ठरला की माणूस ऐकायला लागतो. नाहीतर ज्यांच्या हातातला मोबाईल खाली येत नाही, त्यांनी तो यमन ऐकला असं म्हणायचं का?

मैफलीतले संकेत काटेकोर पाळा. फ्लॅश बंद, क्लिकचा आवाज बंद, पडद्याचा उजेड कमी. काही कॅमेरे फोकससाठी समोर नारिंगी दिवा पाडतात, तोही बंद करा. आलापात डोळे मिटलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारल्यासारखं होतं ते. किशोरी आमोणकर श्रोत्यांतली चुळबुळ खपवून घेत नसत हे पुण्या-मुंबईच्या रसिकांना चांगलं ठाऊक आहे. आलाप चालू असताना बोट उचलायचंच नाही, तबला सुरू झाला की त्या आवाजाच्या आडोशानं काम करायचं.

मोठ्या महोत्सवांचे नियम वेगळे. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला ‘सवाई गंधर्व’ महोत्सव २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होऊ लागला. आता आम्हा येरवडेकरांना तिथे जाणं सोपं झालंय. मेट्रोनं जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, स्वारगेटला उतरून रिक्षा करायची. तिथे मी कॅमेरा नेत नाही. नुसती बघते. मंचाजवळच्या मोठ्या पडद्यांवर कॅमेरावाले कोणत्या क्षणी कुणाचा चेहरा घेतात, हा फुकटचा वर्गच असतो! सतीश पाकणीकरांनी अशा मैफलींत टिपलेले कलावंत प्रदर्शनांतून आणि दिनदर्शिकांतून पुणेकरांनी पाहिले आहेत. ते फोटो नीट निरखा. हात, डोळे, तंबोऱ्याची तिरकी रेघ, आणि बाकी अंधार. किती थोड्यात भागवलंय!

गाण्याच्या मैफलीत फोटोग्राफी शिकून मोठी झालेली बाई हवी असेल, तर दयानिता सिंग आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणारी ही अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी झाकिर हुसेन यांच्या कार्यक्रमात फोटो काढायला गेली. संयोजकांपैकी कुणीतरी अडवलं, धक्का बसून ती पडली. घरी जाऊन रडत बसण्याऐवजी तिनं झाकिरजींनाच गाठून सुनावलं, की आज मी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन, तेव्हा बघू. झाकिरजींनी तिला बोलावून घेतलं. पुढे सहा हिवाळे ती त्यांच्याबरोबर आणि इतर कलावंतांबरोबर दौऱ्यांवर हिंडली. मैफलीच नुसत्या टिपल्या नाहीत. प्रवास, रियाझ, घर, सगळं टिपलं. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं, तेच तिचं पहिलं. २०२२ मध्ये तिला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, जो या क्षेत्रात जगातला फार मोठा मानतात. डिसेंबर २०२४ मध्ये झाकिरजी गेले; त्यांनाच ती आपले पहिले गुरू म्हणत आली आहे. तबलजीकडून फोटोग्राफी शिकता येते ती अशी!

आता जे मला मनापासून बोलायचं आहे ते. गाणाऱ्या बाईचा फोटो.

आमच्या महोत्सवात पहिला तास शिकणाऱ्यांचा असतो. त्यात एक काकू गातात. वय अठ्ठावन्न, नोकरी सुटल्यावर गाणं धरलं. एका वर्षी कुणीतरी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. तार षड्ज लावताना तोंड उघडं, भुवया वर, मान ताणलेली. तो घरच्या ग्रुपवर गेला, खाली कुणीतरी दातांच्या डॉक्टरवरून विनोद केला, मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. पुढच्या वर्षी काकू म्हणाल्या, “गाईन, पण फोटो नको गं बाई.” घरचं कुणी ऐकायलाही येऊ नये असं त्यांना वाटू लागलं होतं. एका फोटोनं गाणं बंद पडता पडता राहिलं.

मला याचा राग येतो. भीमसेनजी तान घेताना त्यांचा चेहरा काय कमी वाकडातिकडा होत असे? हात आभाळाला, मान खाली, ओठ एकीकडे. त्या फोटोंना आपण तन्मयता म्हणतो, मोठे करून भिंतीवर लावतो. आणि बाईनं तोंड उघडलं की ते हसण्यावारी? बाईनं गातानासुद्धा फोटोतल्यासारखं दिसत राहावं, ही अपेक्षा फार जुनी आहे आणि दुःख असं, की ती करणाऱ्यांत आपणही आहोत.

मी काकूंना म्हटलं, “काढते, पण आधी तुम्हाला दाखवते. नको म्हणालात तो तुमच्यासमोरच पुसते.” त्या जरा वेळानं हो म्हणाल्या. मी मुद्दाम समेनंतरची वेळ धरली. सूर टाकून झालेला असतो, तोंड मिटलेलं असतं, आणि ‘आलं बाई बरोबर!’ असा एक उजेड चेहऱ्यावर येतो. तो फोटो चांगलाच आला. तबला वाजवणाऱ्या पोराकडे बघून त्या हसतायत. चौदा फोटो दाखवले, बारा त्यांनी पुसायला लावले. ठेवलेल्या दोनांतला एक हा हसरा. दुसरा कुठला? तार षड्जाचाच, तोंड उघडं, मान ताणलेली. मी विचारलं, “हा नक्की ठेवू?” म्हणाल्या, “ठेव. ह्यात मी गातेय.”

म्हणून सांगते, निवड त्यांची त्यांना करू द्या. आपल्याला काय सुंदर वाटतं तेवढ्यावर जाऊ नका. आणि होकार मिळेपर्यंत कुठल्याही ग्रुपवर फोटो टाकू नका, घरच्या तर नाहीच नाही.

शेवटी छापण्याचं. छत्तीसांतले चार-पाच तरी कागदावर छापून घ्या, नाहीतर सगळे मोबाईलच्या पोटात जातात. मागे पेन्सिलीनं तारीख, गाणाऱ्याचं नाव, राग आणि साथीदारांची नावं लिहा. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून डाग धरते. एक प्रत कलाकाराला द्या. आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या दोघींना विसरू नका. तासभर त्या सूर धरून बसतात आणि सगळ्या फोटोंत अर्ध्या कापलेल्या येतात. मध्यंतरानंतर जरा कडेला सरकलात तर गाणाऱ्याच्या खांद्यामागे त्यांचे चेहरे नीट दिसतात. यंदा मी त्या बाजूची खुर्ची आधीच सांगून ठेवली आहे.